स्कोअरपेक्षा अहवाल वाच

चि. सोनू,


नोकरी लागली, क्रेडिट कार्ड आलं, आता फोनही हप्त्यावर घेणार आहेस. तेव्हा एक सवय आत्ताच लावून घे. तुझ्या नावावरच्या कर्जांची जी नोंद ठेवली जाते, ती स्वतः वाचत जा. त्याला खर्च नाही. आपल्याकडे ही नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे २०१७ पासून प्रत्येकीला दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल, स्कोअरसकट, फुकट द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवलास की वर्षभर नजर राहते. मात्र त्यांच्याच संकेतस्थळावर जा आणि तिथे पैसे भरायच्या योजना पुढे आल्या तरी वार्षिक मोफत अहवालच निवड.

तू म्हणशील, स्कोअर तर ॲपवरही फुकट दिसतो. दिसतो, पण त्याच्या बदल्यात तू आपली माहिती वापरायची परवानगी देतेस आणि मग कर्ज घ्या म्हणून फोन सुरू होतात. शिवाय ३०० ते ९०० मधला तो आकडा काय बिघडलंय ते सांगत नाही. ते अहवालात कळतं. प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याचा हिशेब असतो: हप्ता वेळेवर गेला की किती दिवस उशिरा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, ते पाहा. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत मिटवलेलं खातं ‘सेटल्ड’ म्हणून राहतं आणि पुढचा कर्ज देणारा तिथेच थबकतो, कारण पूर्ण फेडीचं ‘क्लोज्ड’ वेगळं. तू कुणाला जामीन राहिलीस तर त्याचं कर्जही तुझ्या अहवालात येतं. आणि तू कधीच न घेतलेलं कर्ज तिथे दिसलं, तर तुझा पॅन कुणीतरी वापरलाय किंवा तुझ्यासारख्याच नावाच्या माणसाची नोंद तुझ्यात मिसळली आहे. म्हणूनच ‘मी कर्जच घेतलं नाही, मग कशाला पाहू’ हे म्हणणं मला पटत नाही. ज्याच्या नावावर काहीच नसायला हवं, त्याला परकी नोंद चटकन ओळखू येते.

अहवाल पाहिला की स्कोअर घसरतो, ही भीती बऱ्याच जणांना आहे. ती चुकीची आहे. तू स्वतः पाहिलंस तर स्कोअरवर काही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो कर्जाच्या अर्जानंतर बँकेने केलेल्या चौकशीचा, त्यातही थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज टाकले तर जास्त. बँक पाहणारच आहे, मग आपण का पाहायचं, हाही प्रश्न येतो. पण बँक पाहते ते स्वतःचा धोका जोखण्यासाठी. चूक दिसली तर ती अर्ज नाकारेल किंवा व्याज वाढवेल, दुरुस्तीसाठी धावणार नाही. घरकर्जाच्या वेळी चूक निघाली तर बिल्डरची मुदत तुझी वाट पाहत बसत नाही. तेव्हा मोठ्या कर्जाच्या आधी मात्र चारही अहवाल एकदमच काढ. एकीकडे असलेली चूक दुसरीकडे असेलच असं नाही.

चूक सापडलीच तर ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नकोस. खरी नोंद कुणीही पुसू शकत नाही, आणि खोटी दुरुस्त करून घ्यायला तक्रार फुकट आहे. ती कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदव, कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळव आणि तक्रार क्रमांक जपून ठेव. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. तरीही कुणी दाद देत नसेल, तर तिच्याच लोकपालाकडे जाता येतं, तिथेही फी नाही. अहवालावर जन्मतारीख, पत्ता, पॅन सगळं असतं, म्हणून तो कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस. कॅलेंडर वर्ष डिसेंबरअखेर संपतं आणि न घेतलेला मोफत अहवाल पुढच्या वर्षात जमा होत नाही, तेव्हा पहिला याच आठवड्यात काढ.

तुझा,
मामा