नवी तबकडी आणि जुना सातबारा

शाळेच्या कचेरींतील सर्वांत मोलाची वस्तु कोणती असें विचारलें, तर पुष्कळ लोक तिजोरीकडे बोट दाखवितील. आमच्या मतें ती वस्तु म्हणजे जनरल रजिस्टर होय. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं शाळा सोडून गेलेला गृहस्थ जन्मतारखेच्या किंवा जातीच्या पुराव्यासाठीं पुन्हां शाळेच्या पायऱ्या चढतो, तेव्हां त्याच्या घरच्या एखाद्या मोठ्या कामाचा निकाल त्या पिवळ्या पानावरील एका ओळीवर अवलंबून असतो. त्या पानांना वाळवी लागते, पावसाळ्यांत ओल येते, कडा झडतात. यास्तव हल्लीं कित्येक शाळा त्या पानांच्या प्रतिमा काढून संगणकांत जपून ठेवूं लागल्या आहेत.

हें काम एकदां सुरू झालें म्हणजे वाढतच जातें. रजिस्टरांमागून निकालपत्रकें येतात, स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें येतात, आणि एके दिवशीं संगणक कळवितो कीं, जागा संपली. मग नवी तबकडी, म्हणजे बाजारांत जिला हार्ड डिस्क म्हणतात ती, विकत आणून बसवितात. आणि पाहावें तों मोकळी जागा पूर्वीं होती तेवढीच! दुकानदारानें फसविलें कीं काय, असा संशय येतो. दुकानदार बहुधा निर्दोष असतो. जागा आलेली असते खरी. परंतु ती वापरांत येण्यापूर्वीं तीन दारें उघडावीं लागतात, आणि तीं ठरलेल्या क्रमानेंच उघडावीं लागतात. लिनक्स प्रणालीवर चालणारा व अनेक तबकड्यांचा एक संच बाळगणारा संगणक डोळ्यांपुढें ठेवून तो क्रम येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास. चुंबकीय तबकड्यांवर माहिती ठेवणारें पहिलें विक्रीचें यंत्र आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं काढलें. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या त्यांत होत्या, आणि एवढ्या खटाटोपानें सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. पुढें तबकड्या लहान व स्वस्त झाल्या. १९८८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एकच महागडी तबकडी घेण्यापेक्षां अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडाव्या, आणि त्यांतील एखादी बिघडली तरी माहिती जाऊं नये अशी योजना करावी, असें त्यांचें म्हणणें होतें. या योजनेस रेड असें नांव पडलें. लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. हेलसिंकी येथील लिनस टॉरवल्ड्स हा तेव्हां एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं जे अकरावी-बारावींत आहेत त्यांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. आज हीच प्रणाली शेजारच्या पुणें जिल्ह्यांत खोडद येथें, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकांनीं आकाशांतील रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या संगणकांवर राबते. म्हणजे ती परदेशांतील नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं.

एक तबकडी बिघडूनही माहिती कशी वांचते? हें कळल्यावांचून पुढचें सर्व पाठांतर होईल. म्हणून येथें थोडें थांबूं. संगणकाची सारी माहिती शून्य आणि एक या दोनच अंकांनीं लिहिलेली असते. समजा तीन तबकड्यांच्या एकाच जागीं अनुक्रमें १, ०, १ असे अंक आहेत. चौथ्या तबकडीवर आपण असा अंक लिहावयाचा कीं, चारही मिळून एकांची संख्या सम व्हावी. येथें एक दोनदां आलाच आहे, म्हणून चौथा अंक ०. आतां मधली तबकडी बंद पडली असें धरा. उरले १, १ आणि ०. एकांची संख्या आधींच सम आहे. तेव्हां हरवलेला अंक ० च असला पाहिजे. विद्यार्थ्यांनीं पाटीवर दुसरे अंक घेऊन, कोणताही एक पुसून, हा प्रयोग स्वतः करून पाहावा. तो कधींही चुकत नाहीं. या पडताळ्याच्या अंकासाठीं एका तबकडीएवढी जागा खर्ची पडते. म्हणून चार टेराबाइटच्या चार तबकड्या जोडल्या तर सोळा नव्हे, बारा टेराबाइट जागा मिळते. पांचवी जोडली कीं सोळा होते. या प्रकारास रेड-पांच म्हणतात. पडताळ्याचे अंक एकाच तबकडीवर न ठेवतां पाळीपाळीनें सर्वांवर वांटलेले असतात, एवढाच वरील वर्णनांत फरक करावयाचा.

आतां त्या तीन दारांकडे वळूं. पालकांपैकीं शेतकरी बहुत आहेत, त्यांना हा भाग मुलांपेक्षां लवकर समजेल. शेजारचें रान विकत घेतलें, खरेदीखत झालें, म्हणजे तें रान पिकूं लागत नाहीं. तलाठ्याकडे गांवनमुना सहामध्यें फेरफार पडावा लागतो; मग गांवनमुना सातवर क्षेत्राची नवी नोंद होते; आणि तेथें नांगर फिरून पेरणी झाल्यावरच गांवनमुना बारामध्यें पीक दिसतें. ज्या श्रीरामपूर तालुक्यांत खंडकऱ्यांच्या जमिनी साखर कारखान्याकडे व पुढें शेती महामंडळाकडे राहिल्या, आणि परत मिळण्यास पिढ्या लागल्या, त्या तालुक्यांतील घरांना ताबा, नोंद व नांगर या तीन निराळ्या गोष्टी आहेत हें नव्यानें शिकवावयास नको. संगणकांतही तसेंच आहे. तबकड्यांचा संच ही जमीन. त्या संचाच्या आरंभीं पार्टिशनची, म्हणजे विभागांची, नोंदवही असते, तो नमुना सात. आणि विभागाच्या आंत फाइल सिस्टिम नांवाची व्यवस्था असते, तें पीकपाणी. संच वाढला हें नोंदवहीला आपोआप कळत नाहीं, आणि नोंद वाढली हें फाइल सिस्टिमला आपोआप कळत नाहीं.

पहिलें दार संचाचें. एमडीअ‍ॅडम नांवाच्या साधनानें नवी तबकडी संचाला प्रथम राखीव म्हणून जोडतात, आणि नंतर त्याच साधनाला संचांतील तबकड्यांची संख्या चारांवरून पांच करण्याची आज्ञा देतात. नवी तबकडी संचांतील प्रत्येक तबकडीच्या वापरांत असलेल्या भागापेक्षां लहान असूं नये; मोठी असल्यास जास्तीची जागा पडून राहते. तत्पूर्वीं जुन्या चारही तबकड्या धडधाकट आहेत ना, हें पाहावें. एक आधींच आजारी असतां विस्तार आरंभणें म्हणजे लंगड्या बैलाच्या गाडींत आणखी गोणी चढविणें होय.

आज्ञा दिल्याबरोबर काम संपत नाहीं. तेथून तें सुरू होतें. मार्केट यार्डांतील गोदामांत प्रत्येक रांगेंत तीन गोण्या व एक पडताळ्याची अशी रचना आहे. ती बदलून चार गोण्या व एक पडताळ्याची करावयाची आहे, असें समजा. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत जवळजवळ प्रत्येक गोणी हलवावी लागेल, आणि प्रत्येक रांगेचा पडताळा नव्यानें मांडावा लागेल. संगणक नेमकें हेंच करतो. यास किती वेळ लागावा? सेकंदास पन्नास मेगाबाइट हा वेग धरला, तर चार टेराबाइटची एक तबकडी नुसती एकदां वाचून काढण्यास ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारें बावीस तास लागतात. येथें तर वाचणें आणि लिहिणें दोन्ही आहे. म्हणून एक-दोन दिवस, क्वचित् अधिकही, लागले तर घाबरूं नये. एमडीस्टॅट नांवाच्या फाइलींत किती शेंकडा काम झालें तें दिसत असतें. या काळांत संगणक वापरतां येतो, परंतु मंदावतो. वीज गेली तर काय? काम कोठवर आलें याची खूण तबकड्यांवरच ठेवलेली असते, त्यामुळें पुन्हां सुरू केल्यावर तें सहसा तेथूनच पुढें चालतें. तथापि आपल्याकडील विजेचा लौकिक सर्वांस ठाऊक आहे. चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवांचून हें काम हातीं घेऊं नये. आणि अधीर होऊन तबकडी उपसून काढण्याचा मोह तर कोणीही धरूं नये.

हें काम पूर्ण झाल्यावरच संचाचा आकार सोळा टेराबाइट दिसूं लागतो, आधीं नाहीं. कित्येक ठिकाणीं संचाचा कारभार लिनक्सकडे नसून स्वतंत्र रेड कार्डाकडे असतो. तेथें विस्तार कार्डाच्या आपल्या साधनानें करावा लागतो, आणि नवा आकार लिनक्सच्या ध्यानीं यावा म्हणून त्याला ती वस्तु पुन्हां तपासण्यास सांगावें लागतें, किंवा संगणक बंद करून पुन्हां चालूं करावा लागतो.

दुसरें दार नोंदवहीचें. कांहीं संचांवर विभाग पाडलेलेच नसतात. सारा संच एकच रान असतो. तेथें हें दार नाहीं. जेथें विभाग आहेत, तेथें एलएसबीएलके ही आज्ञा देऊन आधीं नीट नकाशा पाहावा. जीपीटी प्रकारच्या नोंदवहीची एक प्रत आरंभीं व दुसरी अगदीं शेवटीं असते. संच वाढला कीं ही दुसरी प्रत शेवटीं न राहतां मधेंच अडकते. पार्टेड नांवाचें साधन हें ओळखून, प्रत शेवटीं नेऊं काय, असें विचारतें. त्यास होकार द्यावा. मग विभागाची शेवटची हद्द पुढें सरकवावी. आरंभाची हद्द मात्र तसूभरही हलतां कामा नये! जुन्या पद्धतीप्रमाणें विभाग पुसून नवा लिहिणारे लोक येथेंच चुकतात: आरंभ किंचित् निराळा पडला कीं फाइल सिस्टिमला आपलें घरच सांपडत नाहीं. म्हणून जुने आंकडे आधीं कागदावर उतरून घ्यावे. संगणकावरील टिपण बिघडलेल्या संगणकावरच राहतें. कागदाचें तसें नाहीं.

येथें आणखी दोन अडचणी संभवतात. जुन्या एमबीआर प्रकारच्या नोंदवहींत हद्दीचा आंकडा लिहिण्यास बत्तीस द्विमान अंकांचीच जागा असते. ५१२ बाइटचा एक खंड धरल्यास त्यापुढें दोन टेबिबाइटपलीकडची जमीन नोंदतांच येत नाहीं. दुसरी अडचण शेजाऱ्याची. नवी मोकळी जागा नेहमीं संचाच्या शेवटीं येते. आपला विभाग व ती जागा यांच्या मध्यें दुसरा विभाग असेल तर हद्द पुढें सरकत नाहीं, जसें मधें परक्याचें रान असतां दोन गट जोडतां येत नाहींत. मधला विभाग स्वॅपचा असल्यास, त्याचा वापर बंद करून, तो काढून शेवटीं नव्यानें करतां येतो. याच कारणास्तव पुष्कळ जाणते लोक आरंभापासून एलव्हीएम या व्यवस्थेचा आश्रय करतात. तींत दूर-दूरचे तुकडे एका खात्यावर घेतां येतात.

तिसरें दार फाइल सिस्टिमचें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. पण धरणांत पाणी अडलें म्हणून आपल्या तालुक्यांतील ऊंस भिजला नाहीं. ओझरच्या बंधाऱ्यापासून कालवा, कालव्यापासून चारी, आणि चारीपासून वाफा, असें पाणी यावें लागलें. फाइल सिस्टिम ही ती चारी. ईएक्सटी-चार या प्रकारासाठीं रिसाइझ-टू-एफएस हें साधन आहे, आणि वाढविण्यापुरतें तें चालू संगणकावरही काम करतें. एक्सएफएस प्रकारासाठीं एक्सएफएस-ग्रोएफएस हें साधन आहे. तें तर विभाग वापरांत असतांनाच चालतें. मात्र एक्सएफएस एकदां वाढविली कीं ती पुन्हां आंखडतां येईल अशी आशा धरूं नये. हें शेवटचें काम बहुधा कांहीं मिनिटांत आटोपतें. येथें एकच भयंकर चूक होऊं शकते. वाढविण्याच्या आज्ञेऐवजीं नवी फाइल सिस्टिम करण्याची, म्हणजे फॉर्मॅट करण्याची, आज्ञा दिली तर उभें पीक नांगरलें जातें.

या सर्वांआधीं करावयाची गोष्ट आम्हीं मुद्दाम येथवर राखून ठेवली, कारण आरंभीं सांगितलेलें वाचक विसरतात. साऱ्या माहितीची एक प्रत दुसऱ्या तबकडीवर घ्यावी, ती दुसऱ्या इमारतींत ठेवावी, आणि तिच्यांतील दोन-चार पानें उघडून पाहावीं. तबकड्यांचा संच म्हणजे प्रत नव्हे. एक तबकडी बिघडली तर संच तारील. परंतु कोणी चुकून फाइल पुसली, तर संच ती सर्व तबकड्यांवरून इमानानें पुसून टाकील. चोरी, आग आणि पाणी यांपुढें तर त्याचा इलाज नाहीं. आणखी आमचें मत विचाराल तर, हल्लींच्या मोठ्या तबकड्यांना रेड-पांच पुरेसें नाहीं. एक तबकडी बदलून माहिती पुन्हां भरण्यास फार तास लागतात, आणि तेवढ्यांत दुसरी बिघडली तर सर्व संपतें. दोन तबकड्या गेल्या तरी निभावणारें रेड-सहा घ्यावें. जास्तीच्या तबकडीचा खर्च कांहीं हजारांचा असतो, आणि जनरल रजिस्टर मात्र दुकानांत मिळत नाहीं.

सर्व यथासांग झाल्यावर डीएफ ही आज्ञा देऊन पाहावें. सोळाऐवजीं सुमारें साडेचौदाच दिसतील. पुन्हां दुकानदारावर संशय! परंतु तबकडी विकणारा टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्यें असें मोजतो, आणि डीएफ दोनाचा चाळिसावा घात, म्हणजे १,०९९,५११,६२७,७७६, हें माप धरतें. याशिवाय ईएक्सटी-चार आपल्या जागेपैकीं शेंकडा पांच भाग नेहमींच्या रीतीनें व्यवस्थापकासाठीं राखून ठेवते, तेवढा भाग इतरांना मोकळा दिसत नाहीं. आतां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण सोडवावें: चार टेराबाइटच्या सहा तबकड्या रेड-सहामध्यें जोडल्या, पुढें आणखी एक जोडली, तर जागा किती टेराबाइट होती व किती झाली, आणि डीएफ तिचें माप काय सांगेल?