खटक्याचा चाकू: ओळखायचा कसा, किंमत किती, खर्च किती

बटण दाबताच खटकन् पातं बाहेर येणारा जुना चाकू अमेरिकेत कधीही हाती लागू शकतो. इस्टेट सेलमध्ये, गराज सेलमध्ये, नाहीतर नव्याने घेतलेल्या घराच्या तळघरात आधीच्या मालकाने सोडलेल्या हत्यारांच्या पेटीत. मग लगेच प्रश्न येतो, याचे किती येतील? पंधरा डॉलरही येतील किंवा हजारही. ते ठरवण्यासाठी आधीच तज्ज्ञाची फी भरू नका, कारण बहुतेक चाकूंची किंमत त्या फीपेक्षा कमीच भरते. सुरुवातीची तपासणी घरी करा. जवाहिरे वापरतात तसं दहापट भिंग आणि एक साधा कॅलिपर मिळून तीस डॉलरच्या आत येतात.

आधी तो खरोखरच ऑटोमॅटिक आहे का, ते बघा. पातं मुठीच्या आत स्प्रिंगच्या ताणाखाली बसलेलं असतं आणि मुठीवरचं बटण किंवा तरफ दाबली की आपोआप उघडतं, तो ऑटोमॅटिक. पात्याला अंगठ्याने थोडा रेटा दिल्यावर मग स्प्रिंग जोर लावते, तो ‘असिस्टेड’. त्याला 2009च्या दुरुस्तीने खटक्याच्या चाकूंवरच्या केंद्रीय कायद्यातून सूट मिळाली आहे. नुसता खाली झटकून उघडणारा, दुसऱ्या महायुद्धात जर्मन छत्रीधारी सैनिकांकडे असे तो, ग्रॅव्हिटी नाइफ. त्याला स्प्रिंग नसते, तरी कायद्याच्या व्याख्येत तोही येतो.

आता भिंग घेऊन पात्याच्या बुडाशी, सांध्यालगत, कोरलेला ठसा वाचा. किमतीचा निम्मा निकाल इथेच लागतो. अमेरिकन चाकूंमध्ये सर्वांत जास्त भेटणारं नाव श्रेड. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावी 1904 साली श्रेड कटलरी कंपनी सुरू झाली. 1946 साली ती विकली गेली आणि नाव श्रेड-वॉल्डन झालं. त्यामुळे ‘श्रेड कट. को.’ असा ठसा असेल तर चाकू 1946च्या आधीचा, आणि ‘श्रेड वॉल्डन’ असेल तर नंतरचा. ऑगस्ट 1958मध्ये हा केंद्रीय ‘स्विचब्लेड’, म्हणजे खटक्याच्या चाकूंचा, कायदा आला आणि या चाकूंचा नागरी बाजारच संपला. म्हणून ‘श्रेड वॉल्डन’ ठशाचा बटणवाला चाकू साधारणपणे त्या मधल्या बारा वर्षांतला निघतो. श्रेड बंधूंपैकी जॉर्ज यांनी पुढे कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला वेगळा कारखाना काढला. त्यांच्या चाकूंवर ‘प्रेस्टो’ असतं. दोन्हीकडे बटणाशेजारी सरकती सुरक्षा-कळ असते. ती मूळची आहे आणि नीट सरकते, तर भाव चढतो.

भावाचा अंदाज सांगतो, पण तो पंचांग समजू नका. ‘श्रेड वॉल्डन’चा मध्यम आकाराचा, बऱ्या स्थितीतला चाकू दीडशे ते तीनशे डॉलर. ‘श्रेड कट. को.’चा, खाचा पाडलेल्या हाडाच्या मुठीचा मोठा शिकारी चाकू चारशेच्या पुढे. अमेरिकन छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेला, टोकाला कडी असलेला एम-2 साधारण त्याच पट्ट्यात, मात्र त्याच्या नकला पुष्कळ.

इटालियन स्टिलेटोचा हिशेब वेगळा. लांबट, निमुळता, दोन्ही बाजूंना छोट्या पाकळ्यांसारखे आडवे दांडे असलेला हा चाकू सिनेमा-नाटकांनी घरोघरी पोहोचवला. ‘रिबेल विदाउट अ कॉज’ 1955चा, ब्रॉडवेवरचं ‘वेस्ट साइड स्टोरी’ 1957चं, आणि लगोलग पुढच्या वर्षी बंदी. त्याचं माहेर ईशान्य इटलीतलं मानियागो. तिथे 1453 साली पाण्याचा पाट काढला गेला, त्या पाण्यावर घण चालू लागले आणि गाव चाकू-कात्र्यांचंच होऊन गेलं. आजही तिथे स्टिलेटो बनतात आणि नवा, चांगला शंभर ते अडीचशे डॉलरला मिळतो. ‘जुना’ म्हणून विकले जाणारे बरेच स्टिलेटो हे असे नवेच असतात.

जुना ओळखायचा तो पातं मिटवण्याच्या पद्धतीवरून. पन्नाशीच्या दशकातल्या चाकूत पाठीकडच्या पट्टीचं टोक सांध्याजवळ थोडं बाहेर आलेलं असतं. ते नखाने उचललं की कुलूप सुटतं आणि पातं मिटतं. अमेरिकन संग्राहक याला ‘पिकलॉक’ म्हणतात. नंतरच्या चाकूंत हे टोक गेलं आणि सांध्यावरचं धातूचं टोपणच कलतं करून पातं सोडवायची सोय आली. शिंगाच्या मुठीचा, नऊ इंची, खरा पिकलॉक तीनशे ते सहाशे डॉलरपर्यंत जातो, तेरा इंची त्याहून वर. हुबेहूब दिसणारी, प्लॅस्टिकच्या मुठीची स्वस्त नक्कल वीस डॉलरचीही नसते. इथे मापाची एक गफलत फार होते. अमेरिकन खिशातला चाकू मिटलेल्या लांबीने सांगतात, स्टिलेटो उघडलेल्या. ‘नऊ इंची’ ऐकून दुसऱ्याच्या भावाशी तुलना केली तर निम्म्याने चुकाल.

स्थितीचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नुकसानही लोक इथेच करून घेतात. चाकू मिळाला की पॉलिश करू नका. पात्यावरची मूळ झाक एकदा गेली की परत येत नाही, आणि चकाकणारा चाकू पाहून जाणकार हात आखडता घेतो. वारंवार धार लावून पातं अरुंद झालंय का, पातं हलतंय का, पिना मूळच्या आहेत का, हे पाहा. पाहुण्यांना दाखवायला पुन्हा पुन्हा खटका दाबू नका. जुनी स्प्रिंग तुटली तर दुरुस्तीला शंभरेक डॉलर जातील, आणि बदललेल्या स्प्रिंगने मूळपणा जाऊन भाव उतरेल तो वेगळाच.

मूठ सेल्युलॉइडची असेल तर आणखी सावध राहा. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. कापरासारखा उग्र वास येतो, मुठीवर बारीक भेगा दिसतात आणि लगतचं पोलाद गंजतं. अशा एका चाकूने खणातले बाकीचेही खराब होतात. तो वेगळा, हवेशीर जागी ठेवा. चामड्याच्या म्यानात तर कुठलाच चाकू वर्षानुवर्षं ठेवू नका, पितळेवर हिरवा थर चढतो.

एवढं पाहून चाकू पाचशेच्या वरचा वाटला, तरच पुढे जा. बर्नार्ड लेव्हाइन यांचं चाकूंच्या किमतींवरचं मार्गदर्शक जुन्या पुस्तकांच्या बाजारात मिळतं. त्यातले भाव शिळे आहेत, ठसे मात्र नाहीत. अटलांटाला दर जूनमध्ये भरणाऱ्या ‘ब्लेड शो’त तिकिटाच्या पैशात अनेक विक्रेत्यांची मतं मिळतात. लिलावघरं फोटोवरून अंदाज सहसा फुकट देतात. विमा, वारसावाटणी किंवा देणगीसाठी लेखी मूल्यांकन लागलं तर तासाला दीडशे ते तीनशे डॉलर धरा. मूल्याच्या टक्क्यांत फी मागणाऱ्याला नकार द्या, व्यावसायिक नियमांना ते मंजूर नाही. पाच हजारांवरच्या वस्तूची देणगी करात दाखवायची असेल, तर मात्र पात्र मूल्यांककाचा अहवाल लागतोच.

विकताना हातात काय उरतं? चाकू लिलावात चारशेला गेला आणि लिलावघराचं कमिशन 20 टक्के असेल, तर तुम्हाला 320. घेणाऱ्याने वर 25 टक्के अधिभार भरला, म्हणजे त्याला पडला पाचशेला. म्हणून लिलावाचे निकाल पाहताना आकडा अधिभारासह आहे का, हे विचारा. विक्रेते मागतात ती किंमत धरूच नका, प्रत्यक्ष विकली गेलेलीच धरा. एक वर्षाहून अधिक ठेवून विकलेल्या संग्राह्य वस्तूच्या नफ्यावर केंद्रीय कर 28 टक्क्यांपर्यंत असतो. वारशाने आलेल्या वस्तूचा नफा मात्र मृत्यूच्या दिवशीच्या किमतीपासून मोजतात, त्यामुळे त्या तारखेचा अंदाज लिहून ठेवा.

आणि कायदा. 1958चा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या व्यापारावर आहे. सरकारी टपालाने हे चाकू पाठवता येत नाहीत आणि ईबेवर ते विकायला बंदी आहे. जवळ बाळगायचे नियम राज्यागणिक बदलतात. न्यूजर्सीत समजण्याजोगं कायदेशीर कारण नसताना नुसता जवळ असणंही गुन्हा आहे, कॅलिफोर्नियात बाहेर नेताना पात्याची मर्यादा दोन इंचांखाली आहे, तर मॅसॅच्युसेट्सची बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली रद्द केली. कॅनडात हे चाकू निषिद्ध शस्त्रांत मोडतात. ब्रिटनमध्ये 2021पासून घरात ठेवणंही गुन्हा. दिल्लीत 1980च्या अधिसूचनेने ठरावीक मापापुढचे बटनदार, गरारीदार चाकू बाळगायला बंदी आहे. तेव्हा कितीही चांगला नग मिळाला तरी तो भेट म्हणून सामानात घालून पुण्या-मुंबईला नेऊ नका. आपल्या राज्याचा कायदा वाचा आणि त्याच राज्यातल्या जाणकाराला समोरासमोर विका.