पहिली कयाक निवडताना

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील थंड प्रदेशात राहणाऱ्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले सीलचे कातडे, आणि मापे चालवणाऱ्याच्या अंगाबेताची. तीच होडी आता प्लॅस्टिकची होऊन आपल्याकडच्या खाड्यांत आणि जलाशयांत दिसू लागली आहे. समजा, तुम्हांला किंवा तुमच्या शाळेच्या साहस-मंडळाला थोड्या पैशांत एक कयाक घ्यावयाची आहे. ती कशी निवडावी? दुकानदाराला विचारण्यापूर्वी हा प्रश्न आपण आर्किमिडीजला विचारू या.

किती बुडेल?

तुमचे वजन ५५ किलो, कयाकचे २५ किलो आणि सामान ५ किलो धरा. एकूण ८५ किलो. म्हणजे कयाकने ८५ लिटर पाणी बाजूला सारले की ती तरंगणार. ३ मीटर लांब व ७५ सें.मी. रुंद कयाकची टोके निमुळती असतात. म्हणून पाण्याच्या पातळीवर तिने व्यापलेले क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर मानू. भागाकार केला तर ती सरासरी ६ सें.मी.हूनही कमी बुडते! तेव्हा तरंगण्याची चिंता फारशी नाही. खरी चिंता आहे ती कलंडण्याची.

रुंदी

कयाक उजवीकडे कलली की उजवी बाजू अधिक बुडते आणि तिथले पाणी तिला वर रेटते. रुंदी वाढली की तीन गोष्टी एकदम घडतात. त्याच कोनातून कलताना काठ अधिक खोल जातो, बुडणारा भाग अधिक रुंद असतो, आणि पाण्याचा रेटा मध्यरेषेपासून अधिक अंतरावर लागतो. म्हणून रुंदीमुळे मिळणारा हा सावरणारा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६० सें.मी. ऐवजी ७५ सें.मी. रुंदी घेतली, तर १.२५ चा घन सुमारे १.९५. रुंदी केवळ पावपट वाढली, पण हा परिणाम जवळजवळ दुप्पट झाला!

मग आणखी रुंद का घेऊ नये? पुराच्या वेळी होडीसारखी वापरली जाणारी गुऱ्हाळाची काहील आठवा. ती सहसा कलंडत नाही, पण सरळही जात नाही; गोल फिरते. शिवाय होडी फार रुंद असली तर वल्हे पाण्यापर्यंत पोचवताना हात अवघडतात. नवशिक्याला ७० ते ८० सें.मी. रुंदी सोयीची. बसण्याची जागा मात्र जितकी खाली तितकी चांगली, कारण गुरुत्वमध्य खाली राहतो.

लांबी

लांब होडी वेगवान, हे खरे. होडी स्वतःच्या लांबीएवढी लाट उठवू लागली की तिचा वेग वाढवणे फार कष्टाचे होते. हा वेग, मीटर प्रति सेकंदात, लांबीच्या वर्गमुळाच्या सुमारे १.२५ पट असतो. ३ मीटर लांबीला तो ताशी सुमारे ७.८ कि.मी. येतो, तर ५ मीटरला सुमारे १०. नवशिका ताशी ४-५ कि.मी.च्या वेगाने वल्हवतो. जो वेग आपण गाठणारच नाही, त्यासाठी पैसे का मोजावेत?

पाणी आत शिरले तर?

स्वस्त कयाक बहुधा पॉलिएथिलीनच्या असतात. त्या जड, पण दगडावर आपटल्या तरी सहसा फुटत नाहीत. फायबरग्लास हलके व महाग, आणि आपटल्यास तडकते. पॉलिएथिलीनची घनता सुमारे ०.९५, ते पाण्यावर तरंगते. पण एवढ्यावर विसंबू नका. २५ किलो पॉलिएथिलीनचे आकारमान २६.३ लिटर. म्हणजे पूर्ण पाणी भरलेली कयाक फक्त १.३ किलोचा जादा भार पेलेल. ती स्वतः तरंगेल, तुम्हांला तारणार नाही.

म्हणून पहिली कयाक वर बसण्याची, बंद पोटाची घ्यावी. तिच्या बैठकीवर आलेले पाणी भोकांतून खाली निघून जाते, आणि पोटातली हवा कोंडलेली राहते. आत बसण्याची घेतलीच, तर दोन्ही टोकांना बंद कप्पे किंवा हवेच्या पिशव्या आहेत की नाहीत ते पाहा. आत २०० लिटर पाणी शिरले तर ते २०० किलोचे ओझे होते.

जुनी कयाक घेतल्यास पैसे वाचतात. आत बसण्याच्या कयाकमध्ये पाणी ओतून बाहेर थेंब येतात का पाहा. बंद पोटाची असेल तर पाण्यात थोडा वेळ ठेवा, बाहेर काढून हलवा आणि आत पाणी खळखळते का ऐका. रंग पांढुरका पडून पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या, तर उन्हाने प्लॅस्टिक कमजोर झाले आहे असे समजा. ती घेऊ नका.

पैशांची वाटणी

आधी जीवरक्षक जाकिटाचे पैसे बाजूला काढा, मग वल्ह्याचे. उरतील त्यांत कयाक. पोहता येणाऱ्याने काठाजवळ वापरायचे जाकीट निदान ५० न्यूटन प्लावक बलाचे असते. हे बल सुमारे ५ किलो वजनाइतके. एवढेसे पुरते का? पुरते. कारण माणसाची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. आधार द्यावयाचा असतो तो मुख्यतः पाण्याबाहेरच्या डोक्याला, आणि ते ४-५ किलोचेच असते. पोहता न येणाऱ्याने मात्र याहून अधिक बलाचे जाकीट घ्यावे, आणि शिकवणाऱ्याशिवाय पाण्यात जाऊच नये.

करून पाहा

थर्माकोलचे सारख्याच लांबी-जाडीचे दोन तुकडे घ्या. एक ६ सें.मी. रुंद, दुसरा ७.५ सें.मी. पाण्याच्या घमेल्यात सोडून दोन्हींच्या मध्यावर सारख्याच नाण्यांची चवड रचत जा. कोणता तुकडा आधी कलंडतो? नंतर तेवढीच नाणी चवड न करता पसरून ठेवा. काय फरक पडला, आणि तो का, हे वहीत लिहा. मग वर्गात त्यावर चर्चा करा.