दुधी तणे ओळखा : पान, खोड आणि बी पाहून

तणनाशक फवारूनही दुधी तशीच हिरवीगार उभी आहे, अशी तक्रार खरीप हंगामात नेहमी ऐकू येते. अशा वेळी औषध भेसळीचे होते असा समज होतो. परंतु बरेचदा दोष औषधाचा नसतो. तण कोणते आहे हे न पाहता औषधाची निवड झालेली असते, किंवा तण ओळखू येईपर्यंत फवारणीची वेळ निघून गेलेली असते. दुधी वर्गातील तणे लहान असतानाच कशी ओळखावीत व त्या ओळखीचा शेतात काय उपयोग होतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

नाव एक, तणे अनेक

'दुधी' हे एका तणाचे नाव नाही. दुधी भोपळ्याशी तर या तणांचा काहीच संबंध नाही. फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो म्हणून अनेक तणांना हे नाव पडले. त्यातही घोटाळा असा की, औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत केसाळ, वीतभर उंचीच्या तणाला 'मोठी दुधी' म्हटलेले आढळते, तर सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात कमरेपर्यंत वाढणाऱ्या वेगळ्याच तणाला 'मोठी दुधी' म्हणतात. काही भागांत यांनाच 'नायटी' हेही नाव आहे. म्हणून केवळ नावावर विसंबून सल्ला घेऊ नये व देऊही नये. रोप हातात घेऊन पाहावे.

वर्गाची खूण

ही तणे एरंड कुळातील युफोर्बिया या प्रजातीची आहेत. कुंपणाचा शेर याच प्रजातीतला. पुढील दोन खुणा एकत्र दिसल्या तर तण दुधी वर्गातील समजावे.

१) पान किंवा खोड मोडताच पांढरा चीक येतो. कोवळ्या रोपातही तो दिसतो.

२) फळ तीन कप्प्यांचे असते व प्रत्येक कप्प्यात एकच बी असते. एरंडाचे बोंड आपण सर्वांनी पाहिले आहे. तसेच, पण फारच लहान आणि बिनकाट्यांचे बोंड डोळ्यांसमोर आणावे. पिकल्यावर ते तडकते व बी दूर फेकले जाते.

नुसत्या चिकावरून निर्णय घेऊ नये. रुई, उतरण आणि पाथरी यांनाही पांढरा चीक असतो, पण त्यांचे फळ असे तीन कप्प्यांचे नसते.

शेतातील चार प्रमुख दुधी

१) उंच दुधी (युफोर्बिया हेटेरोफायला, जुन्या पुस्तकांत जेनिक्युलाटा) : हे तण मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील आहे. सोयाबीन, कापूस व तूर या पिकांत ते त्रासदायक ठरते. खोड सरळ, पोकळ व हिरवे असते आणि उंची दोन ते तीन फुटांपर्यंत जाते. खालची पाने एकाआड एक येतात, शेंड्याकडील पाने समोरासमोर किंवा झुबक्याने येतात. पानांचा आकार एकाच झाडावरही बदलतो. काही पाने लांबट अंडाकृती, काही भाल्यासारखी अरुंद, तर काही मध्येच आत दबलेली असतात. फुले फक्त शेंड्याला येतात व त्यांच्याभोवतीच्या पानांचा तळ फिकट हिरवा दिसतो. बी सुमारे अडीच मिलिमीटरचे, म्हणजे बाजरीच्या दाण्याहून किंचित लहान असते. त्याचा रंग करडा ते काळपट तपकिरी व पृष्ठभाग खडबडीत, बारीक गाठींचा असतो.

२) केसाळ दुधी (युफोर्बिया हिर्टा) : खोड तांबूस असून त्यावर पिवळसर-तपकिरी राठ लव असते. बोटांनी चोळले की ती जाणवते. रोप अर्धवट उभे किंवा तिरपे वाढते व साधारण वीत-दीड वीत उंच होते. पाने समोरासमोर, एक ते चार सेंटिमीटर लांब, कडा बारीक दातेरी असतात. पानाचा तळ दोन्ही बाजूंना सारखा नसतो, एका अंगाला कललेला असतो. पुष्कळदा पानावर जांभळट डाग दिसतो. पानांच्या बगलेत फुलांचे गच्च गोल झुबके येतात. बी एक मिलिमीटरहून लहान, खसखशीएवढे, तांबूस व चार कडांचे असते.

३) व ४) जमिनीला चिकटलेल्या दुधी (युफोर्बिया थायमिफोलिया आणि युफोर्बिया प्रोस्ट्राटा) : दोन्हींच्या फांद्या मुळापासून चोहीकडे जमिनीलगत पसरतात. खोड तारेसारखे बारीक, गुलाबी किंवा तांबूस असते. पाने समोरासमोर, जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर लांब व तळाशी कललेली असतात. दोघींतील फरक भिंगातून बोंड पाहिल्यास कळतो. थायमिफोलियाच्या बोंडावर सर्वत्र लव असते, तर प्रोस्ट्राटाच्या बोंडावर ती मुख्यतः तीन कडांवरच असते. प्रोस्ट्राटाच्या बारीक बियांवर आडव्या उंच रेघाही स्पष्ट दिसतात. मात्र नियंत्रणाच्या दृष्टीने या दोघी एकत्र धरल्या तरी चालते.

घोळ समजून दुधी तोडू नका

ही खूण घरातील भगिनींनी विशेष लक्षात ठेवावी. पावसाळ्यात घोळाची भाजी आवडीने खाल्ली जाते. जमिनीवर पसरलेली दुधी व कोवळा घोळ शेजारी शेजारी उगवतात व दोन्हींचे खोड तांबूस असते. घाईत तोडलेल्या भाजीत दुधी मिसळू शकते. दुधीचा चीक दाहक असतो व पोटात गेल्यास त्रास होतो.

घोळाचे पान जाड, मांसल व टोकाकडे रुंद असते. खोडही रसरशीत असते, पण मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो, पांढरा चीक कधीच येत नाही. घोळाचे फळ डबीचे झाकण उघडावे तसे उघडते व आत काळे बी असते. भाजी तोडताना दर मुठीतील एक-दोन काड्यांवर न थांबता सर्व काड्या निवडाव्यात व शंका आलेली काडी मोडून पाहावी. पांढरा थेंब दिसला तर ती काडी टाकून हात धुवावेत. हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवून डॉक्टरांना दाखवावे.

ओळखीचा नियंत्रणात उपयोग

दुधी हे रुंद पानांचे तण आहे. क्विझालोफॉप इथाईलसारखी औषधे फक्त गवतवर्गीय तणांवर चालतात. त्यांनी दुधी मरत नाही. उलट गवत गेल्यामुळे दुधीला मोकळी जागा, ओलावा व अन्न मिळते. 'फवारूनही दुधी उभी' या तक्रारीचे हे एक प्रमुख कारण आहे.

सोयाबीनमध्ये उगवणीनंतर वापरावयाचे इमॅझेथापायर १० टक्के हे औषध अनेक रुंद पानांच्या तणांवरही चालते. हेक्टरी १ लिटर औषध ५०० लिटर पाण्यात मिसळून, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, जमिनीत ओल असताना फवारतात. त्या वेळी तण दोन ते चार पानांवर असावे. उंच दुधी वीतभर झाल्यावर फवारणी केल्यास ती पिवळी पडून पुन्हा फुटू शकते. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात पीक, तणे व मात्रा वाचूनच औषध घ्यावे.

दरवर्षी एकाच गटाचे औषध वापरू नये. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या शेतात याच उंच दुधीने १९९० च्या दशकात इमॅझेथापायरच्या गटातील औषधांना दाद देणे सोडले. आपल्याकडे तशी वेळ येऊ नये यासाठी औषधाला डवरणी व निंदणीची जोड द्यावी.

बियाच्या आकारावरूनही मशागतीची दिशा ठरते. केसाळ दुधीचे बारीक बी प्रकाश मिळाल्यास, अगदी वरच्या थरातूनच चांगले उगवते. उंच दुधीचे बी मोठे असल्याने काही सेंटिमीटर खोलीवरूनही वर येते. त्यामुळे पेरणीनंतर लगेच मातीवर फवारलेल्या औषधाच्या थराखालून ते उगवू शकते व पुढे एक डवरणी करावीच लागते. शक्य असेल तेथे पहिल्या पावसानंतर उगवलेली तणे वखराने मोडून मगच पेरणी करावी.

घरचे बियाणे तपासा

उंच दुधी सोयाबीनबरोबर पक्व झाली तर तिचे बी मळणीत येते. पसाभर सोयाबीन पांढऱ्या कागदावर पसरून पाहावे. खडबडीत, करडे, बाजरीएवढे दाणे दिसल्यास सर्व बियाणे योग्य चाळणीने चाळावे. सोयाबीनचा दाणा बराच मोठा असल्याने ते सहज वेगळे होतात. चाळून निघालेला भाग शेणखताच्या खड्ड्यात न टाकता जाळून टाकावा. बोंडे धरलेली दुधी उपटून बांधावर टाकू नये, कारण वाळताना बोंडे तडकून बी पुन्हा शेतात पडते.

दहा मिनिटांची पाहणी

पेरणीनंतर १२ ते १५ दिवसांनी शेतात तिरपे चालत पाच ठिकाणी थांबावे. प्रत्येक ठिकाणी हातभर चौरसातील तणे पाहावीत. काडी मोडून चीक पाहावा, पाने समोरासमोर की एकाआड एक हे पाहावे, खोडावरून बोट फिरवून लव आहे का ते पाहावे. उंच दुधी, केसाळ दुधी, पसरट दुधी व गवत यांची संख्या वेगवेगळी लिहून ठेवावी. औषध घेण्यास जाताना हा कागद व तणाची दोन ताजी रोपे पिशवीत घालून सोबत न्यावीत. शंका असल्यास आधी कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत.

दुधीचे एक बोंड तीन बिया देते व एका झाडावर अशी अनेक बोंडे असतात. म्हणून फुलोऱ्याआधी ओळखून काढलेले प्रत्येक रोप पुढील हंगामातील निंदणीचा खर्च वाचवते, हे ध्यानात ठेवावे.