आपलाच सूर परत येतो तेव्हा : संगीतातून लसावि



विहिरीत वाकून "ओ" म्हटलं की "ओ" परत येतो. मुलांना हा खेळ भारी आवडतो. समजा, तोच आवाज दहा सेकंदांनी परत आला तर? तोवर आपण दुसरा सूर लावलेला असेल आणि दोन्ही सूर एकत्र ऐकू येतील. याच कल्पनेवर एक संगीतपद्धती उभी आहे.

हे कसं घडतं?

१९६३ साली पॅरिसमध्ये अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या कामासाठी दोन टेपरेकॉर्डर जोडले गेले. टेप मात्र एकच. पहिलं यंत्र आवाज मुद्रित करतं. टेप पुढे सरकून दुसऱ्या यंत्रावर वाजते. तो आवाज पुन्हा पहिल्याकडे पाठवला की नव्या सुरासोबत जुनाही मुद्रित होतो. असे थरावर थर चढतात.

इथे गणितही आहे. टेप सेकंदाला १९ सेंमी धावते आणि दोन यंत्रांमध्ये १९० सेंमी टेप आहे, तर सूर किती वेळाने परत येईल? १९० ÷ १९ = १० सेकंद. दर फेरीत आवाज थोडा कमी ठेवला की जुने सूर हळूहळू विरतात आणि सुरांचा मेळ बदलत राहतो.

ब्रायन ईनो यांनी 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये वेगळी युक्ती केली. गायलेला एकेक लांब सूर टेपच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांवर घेतला. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी येतो, दुसरा जवळपास सव्वीस, तिसरा जवळपास तीस. त्यामुळे सुरांच्या जोड्या सतत बदलतात.

वर्गात करून पाहूया

टेप नको, मोबाइल नको. मुलांचे तीन गट करा. पेटीवर सूर द्या.

- पहिला गट : दर ५ अंकांनी 'सा'
- दुसरा गट : दर ६ अंकांनी 'ग'
- तिसरा गट : दर ७ अंकांनी 'प'

सगळ्यांनी शून्यावर एकत्र सुरुवात करायची. एक मूल सेकंदाला एक असे अंक मोजेल. 'सा' आणि 'ग' ३० वर भेटतात, 'सा' आणि 'प' ३५ वर, 'ग' आणि 'प' ४२ वर. तिघे पुन्हा कधी भेटणार? ५, ६, ७ चा लसावि २१०, म्हणजे साडेतीन मिनिटांनी! आता ४, ६, ८ घेऊन बघा. २४ सेकंदांतच सगळे एकत्र येतात. असं का, हे मुलांनाच शोधू द्या. सामाईक अवयवांपर्यंत ती आपोआप पोहोचतील.

यातून काय मिळतं?

समूहगीतात बरेचदा गोड गळ्याची मुलं पुढे असतात आणि बाकीच्यांना "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं जातं. इथे तसं चालत नाही. प्रत्येकाकडे एकच सूर आहे, पण तो आला नाही तर मेळ अपुरा राहतो. एकच सूर धरायचा असल्याने लाजरं मूलही तोंड उघडतं. शिवाय गाण्यापेक्षा ऐकण्याचा आणि थांबण्याचा वेळ जास्त असतो. आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकणं, ही सवय तर प्रत्येक तासाला उपयोगी पडते.

लसावि फळ्यावर मांडण्याआधी एकदा कानांनी ऐकवा. तिन्ही सूर २१० वर एकत्र आले की मुलांचे चेहरे नक्की बघा!