गॉगल : चेहऱ्याला शोभणारा, डोळ्यांना जपणारा

वाचकहो, होळी झाली की शिरूर आणि दौंडच्या बाजारात दोन वस्तू हमखास दिसू लागतात, माठ आणि गॉगल. माठ घेताना आपण तो वाजवून पाहतो. गॉगल घेताना मात्र आरशात बघतो, मान डावी-उजवीकडे करतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. गॉगलही माठासारखा पारखून कसा घ्यावा, ते आज पाहू.

मागच्या उन्हाळ्यात दौंड तालुक्यातील एक तरुण वडिलांना घेऊन माझ्या दवाखान्यात आला. त्याचे लग्न ठरले होते. तपासणी वडिलांची होती, पण आधी त्यानेच खिशातून नवा गॉगल काढून डोळ्यांवर चढवला आणि विचारले, "डॉक्टर, शोभतो का मला?" शोभत होता. यंत्रावर तपासला तेव्हा मात्र कळले की काचा नुसत्याच काळ्या आहेत. उन्हातील अतिनील किरण त्या फारसे अडवत नव्हत्या. शेजारी वडील बसले होते. भीमाकाठी उसाला पाणी देण्यात त्यांचा जन्म गेला होता. डोळे लालसर, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून वाढलेला वडस बुबुळावर चढून बाहुलीच्या जवळ आलेला. त्यांनी आयुष्यात गॉगल लावला नव्हता.

आधी शोभण्याचेच पाहू. जो गॉगल आपल्याला शोभत नाही असे वाटते, तो कपाटात पडून राहतो आणि डोळे उन्हातच राहतात. म्हणून शोभणे ही काही अगदीच फुकाची हौस नव्हे.

केस मागे घेऊन आरशासमोर सरळ उभे राहा आणि आरशावरच साबणाच्या वडीने चेहऱ्याची कड गिरवा. आकार लगेच कळेल. नियम सोपा आहे : चेहऱ्याचा जो आकार, त्याच्या उलट फ्रेमचा आकार. चेहरा गोल असेल तर चौकोनी, कोनदार फ्रेम घ्यावी. गोल फ्रेमने तो अधिकच गोल दिसतो. जबडा रुंद आणि चेहरा चौकोनी असेल तर गोलसर फ्रेम, किंवा अमेरिकेत १९३०च्या दशकात वैमानिकांसाठी निघालेली, पाण्याच्या थेंबासारखी फ्रेम खुलते. चेहरा लांबट असेल तर उंचीला मोठ्या काचा घ्याव्यात. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर वरून जड नसलेली, खाली किंचित रुंद फ्रेम बरी. अंडाकृती चेहऱ्याला बहुतेक सर्व फ्रेम चालतात.

आकारानंतर माप. फ्रेमची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीइतकी असावी. अनेक फ्रेमच्या काडीवर आतून ५२-१८-१४० असे आकडे असतात. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरील अंतर, तिसरा काडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा नीट बसत असेल तर त्याचे आकडे टिपून न्यावेत. गॉगल लावून खाली वाकावे, तो घसरू नये. हसून पाहावे, गालांनी तो वर उचलला जाऊ नये. पापण्या काचेला लागू नयेत.

आता मुख्य गोष्ट. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण गॉगलला तंतोतंत लागू पडते. काचेचा काळेपणा आणि अतिनील किरणांपासून मिळणारे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. काळ्या काचेमागेही तेच होते. काच किरण अडवणारी नसेल तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते अधिकच आत शिरतात. अशा किरणांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याने वडस वाढतो आणि मोतीबिंदूलाही हातभार लागतो. म्हणून 'यूव्ही ४००' असे लिहिलेला गॉगल घ्यावा. याचा अर्थ, ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण तो अडवतो. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये. अनेक चष्म्याच्या दुकानांत हे तपासण्याचे छोटे यंत्र असते, तेथे तपासून मागावे. महाग गॉगल चांगलाच असतो असे नाही, आणि स्वस्त वाईटच असतो असेही नाही.

ऊन कडेनेही शिरते. पाण्यावरून आणि वाळूवरून ते उलटून येते. म्हणून अगदी छोट्या काचांपेक्षा मोठ्या, कडेने वळलेल्या काचा बऱ्या. नगर रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्यांना त्यामुळे धुळीपासूनही आडोसा मिळतो. रंग करडा किंवा तपकिरी असावा. त्यातून सिग्नलचे रंग नीट ओळखता येतात. काच सरळ आहे का हे पाहण्यासाठी गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट पाहावी आणि गॉगल हळूहळू हलवावा. चौकट वाकडी झाली तर तो घेऊ नये, डोके दुखेल.

काही पथ्ये लक्षात ठेवावीत. रात्री गाडी चालवताना गॉगल लावू नये. कितीही काळा गॉगल असला तरी त्यातून सूर्य किंवा ग्रहण पाहू नये, वेल्डिंगही करू नये. डोळे आले असतील तर आपला गॉगल दुसऱ्याला देऊ नये. ही साथ नुसत्या बघण्याने पसरत नाही. हात, रुमाल आणि गॉगल यांतून पसरते. लहान मुलांना जत्रेतील खेळण्यातला गॉगल उन्हात वापरू देऊ नये.

त्या वडिलांना मी शस्त्रक्रिया सांगितली आणि नंतर बाहेर पडताना गॉगल कायम लावा, असे बजावले. कारण काढलेला वडस पुन्हा वाढू शकतो. ते म्हणाले, "म्हाताऱ्याला गॉगल? शिवारात लोक हसतील की, डॉक्टर." मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, तुमचा चेहरा लांबट आहे. उंच काचांचा बघू."

लग्नानंतर महिन्याभराने आबांची शस्त्रक्रिया झाली. तपासायला आले तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि डोळ्यांवर तपकिरी गॉगल. लोक हसतात का, असे मी विचारले. म्हणाले, "चार दिवस हसले. आता दोघांनी घेतलाय."

वाचकहो, यंदा घरात एकच गॉगल घ्यायचा असेल, तर जो सर्वांत जास्त वेळ उन्हात असतो त्याच्यासाठी घ्या.