अजिंठ्याला जाणाऱ्या कुटुंबांसाठी



जवळा बाजारहून जिंतूर, जालना, सिल्लोड असा लांबचा प्रवास करून आपली कुटुंबे अजिंठ्याला जातात. पिशवीत मेणबत्ती, अगरबत्ती, फुले असतात. आत अंधार, मागून रेटा, पहारेकरी "पुढे चला" म्हणतो. आणि पुष्कळजण "काही दिसलेच नाही" म्हणत परततात. हे टाळता येते. त्यासाठी ती चित्रे कशाची आहेत, हे आधी समजून घ्या.

खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा व वनस्पतींचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर दिलेले रंग. म्हणजे आपल्या घरच्या मातीच्या भिंतीचीच ही बहीण होय. ओल धरली की गिलावा सुटतो, धूर लागला की रंग काळवंडतो. शेकडो माणसांचा श्वास व घाम आत साचतो, तीही ओलच. म्हणून आत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, फ्लॅश मारू देत नाहीत आणि गाड्या फर्दापूर फाट्यावर, सुमारे 4 किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे बसने नेतात. यात आपला अपमान नाही.

1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 10 व्या लेण्यातील खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच, आपले नाव कोरले. ते आजही तेथे आहे. पुढे 1920 ते 1922 मध्ये निजाम सरकारने दोन इटालियन जाणकार आणले. त्यांनी चित्रे वाचवण्यासाठी लाखेचे रोगण दिले. तेच पिवळे पडून रंग झाकोळले. एकाचा हात बेफिकिरीचा, दुसऱ्यांचा हितचिंतकाचा! आपला हात श्रद्धेचा असला तरी भिंतीला लावू नका. त्रिशरण-पंचशील बाहेर सावलीत बसून म्हणा. त्याला अगरबत्ती लागते, असे कोणी सांगितले?

पहिल्या लेण्यात गर्दी असेल तर थेट 26 व्या लेण्याकडे जा. तेथील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे 7 मीटर लांब आहे. मग उलटे या. 17 व्या लेण्यात भगवंतांसमोर उभी यशोधरा व राहुल शोधा. ती कथा मुलांना आदल्या रात्री घरीच सांगा. आत सांगायला वेळ मिळत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत भिंतीकडे पाहत शांत उभे राहा.

म्हाताऱ्या माणसांसाठी डोली मिळते. भाडे आधी ठरवावे. सोमवारी लेणी बंद असतात.